सात भागांची श्वसनसंस्था, नाकाविना

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी मानवी श्वसनसंस्थेचे पूर्णाकृती मॉडेल विकत घेतले. नागपूरच्या सीताबर्डीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून ते आणले, घासाघीस करून ८,२०० रुपयांना पडले, आणि तेव्हापासून अकरावी-बारावीच्या चार तुकड्यांनी ते इतक्या वेळा उघडले-मिटले आहे की त्याचे गुणदोष आता हातालाच पाठ झाले आहेत. एकाच साच्यातून निघालेली अशी मॉडेले निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून विकली जातात, त्यामुळे कंपनीच्या नावाने फारसे काही साधत नाही. घेणाऱ्याने दुकानातच काय उलटून पाहावे, एवढे या लेखातून कळले तरी पुरे.

खोक्यावर ‘सात भाग’ असे लिहिलेले असते, ते मोजून घेतले. स्वरयंत्राचे उभे चिरलेले दोन अर्ध, हृदयाचे दोन अर्ध, दोन्ही फुप्फुसांची पुढून निघणारी दोन झाकणे, आणि श्वासनलिका, तिच्या शाखा, अन्ननलिकेचा तुकडा व श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) हे सगळे पाटाला कायमचे जोडलेले, तो सातवा भाग. सोबत वायुकोशांचा, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांचा, बराच मोठा करून दाखवलेला एक घड मिळतो, तो या हिशेबात धरलेला नाही. झाकणे चुंबकावर बसतात आणि बसताना टक् असा आवाज येतो. मुलांना हा आवाज इतका आवडतो की पहिल्या तासाला शिकवण्यापेक्षा टकटकच जास्त झाली.

आधी चांगले सांगते. फुप्फुसांचे बाह्यरूप अगदी नेटके उतरले आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. पण उजव्या बाजूची आडवी खाच बोटाने चाचपून पाहिली आणि डाव्या बाजूला तशी खाच नाही हे त्याच बोटाला कळले की ते पाठ करावे लागत नाही. डाव्या फुप्फुसाला हृदयासाठी पडलेला खळगा आणि त्याखाली जिभेसारखा पुढे आलेला छोटा भाग दोन्ही व्यवस्थित आहेत. उजवे फुप्फुस डाव्यापेक्षा रुंद, पण उंचीला थोडे कमी दाखवले आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण खालून यकृत श्वासपटलाला त्या बाजूने वर उचलून धरते. कोणीतरी खरा छेद समोर ठेवून हा साचा घडवला असावा असे इथवर वाटत राहते.

श्वासनलिका दुभंगते ती जागाही चांगली साधली आहे. मी पट्टी लावून पाहिली: उजवी श्वसनी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, जाड आणि जवळजवळ उभी, डावी सुमारे पाच सेंटिमीटर, बारीक आणि हृदयाला वळसा घालण्यासाठी आडवी झुकलेली. पुस्तकातील आकृतीत दोन्ही शाखा बहुधा इंग्रजी वाय अक्षरासारख्या सारख्याच काढलेल्या असतात आणि मुलांच्या वह्यांतही त्या तशाच उतरतात. लहान मुलाने शेंगदाणा, चणा किंवा संत्र्याची बी गिळताना श्वास आत ओढला तर ती वस्तू बहुतेक वेळा उजव्या बाजूला का जाऊन अडकते, हे या मॉडेलवर वरून एक वाटाणा सोडला की एका क्षणात दिसते. आम्ही दहादा सोडला, आठदा उजवीकडे गेला. प्रयोग शास्त्रशुद्ध नाही, वर्गासाठी मात्र फार उपयोगी आहे.

या साऱ्या संचात मला सर्वांत जास्त आवडले ते स्वरयंत्र. ते दोन भागांत उघडते, आत स्वरतंतूंच्या घड्या दिसतात, आणि वरचे पानासारखे झाकण मऊ रबराचे असल्यामुळे बोटाने मागे वाकवता येते. स्वरयंत्र नऊ कूर्चांचे (लवचीक, मऊसर हाडांचे) बनते, तीन एकट्या आणि तीन जोड्या. त्यांपैकी पुढे गळ्यावर उंचवट्यासारखी जाणवणारी मोठी कूर्चा आणि तिच्याखालची अंगठीसारखी पूर्ण गोल कूर्चा या दोन्ही स्पष्ट घडवल्या आहेत. मी मुलांना एका हाताची बोटे स्वतःच्या गळ्यावर ठेवून आवंढा गिळायला सांगते. स्वरयंत्र वर उचलले जाते, झाकण मागे कलते, स्वरतंतू मिटतात आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. हे सगळे एका सेकंदाच्या आत उरकते, आणि जेवताना आपण ते शेकडो वेळा करतो, पण लक्ष जाते ते फक्त चुकल्यावर. सावजीचा रस्सा खाताना कोणी हसवले की जो ठसका लागतो, तो याच झाकणाच्या आणि स्वरतंतूंच्या रखवालीचा पुरावा असतो. आधी खोल श्वास, मग स्वरतंतू घट्ट बंद, आतून दाब वाढतो आणि अचानक दार उघडून हवा वस्तूसकट बाहेर फेकली जाते. आवाज काढणे हे या अवयवाचे काम आहेच, पण घशात अन्न आणि हवा यांची वाट एकच असल्यामुळे पहारा देणे हे त्याचे अधिक जुने काम आहे, हे मॉडेल हातात घेतल्याशिवाय मुलांना पटत नाही.

आता दोष. पहिला दोष मला सापडला नाही, शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला सापडला. मॉडेल पाटासकट उलटे करून ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही तर कड्या मागून उघड्या असतात म्हणल्या, मग ह्या मागून बंद काहून आहेत?” पाहिले तर खरेच, श्वासनलिकेच्या कड्या चहूबाजूंनी पूर्ण गोल केल्या होत्या आणि त्यावर मागून अन्ननलिका चिकटवून टाकली होती. मी ती नळी अकरा सेंटिमीटर मोजली होती, सतरा कड्या मोजल्या होत्या, दोन्ही आकडे योग्य मर्यादेत बसत होते, म्हणून समाधानी होते. मागची बाजू पाहायचे सुचलेच नाही.

हा दोष दिसायला किरकोळ असला तरी श्वासनलिकेचे अर्धे शहाणपण या मागच्या उघड्या बाजूत आहे. खऱ्या शरीरात १६ ते २० कड्या असतात, घोड्याच्या नालासारख्या, आणि त्यांची उघडी टोके मागे स्नायूने जोडलेली असतात. पुढच्या कूर्चेमुळे नळी श्वास घेताना मिटत नाही. मागच्या मऊ बाजूमुळे तिला लागून असलेल्या अन्ननलिकेला घास उतरताना फुगायला जागा मिळते. शिवाय खोकताना हाच मागचा स्नायू आकसतो, नळी अरुंद होते आणि अरुंद नळीतून हवा अधिक वेगाने सुटल्यामुळे कफ उखडून निघतो. कड्या पूर्ण गोल असत्या तर यातले शेवटचे दोन्ही साधले नसते. पूर्ण गोल अशी एकच कूर्चा आहे, ती स्वरयंत्राच्या तळाची, आणि ती या मॉडेलमध्ये बरोबर दाखवल्यामुळे तर गोंधळ अधिकच वाढतो.

दुसरा दोष रंगाचा. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी धमनी लाल आणि फुप्फुसाकडून परत येणाऱ्या शिरा निळ्या रंगवल्या आहेत. रंगवणाऱ्याने धमनी म्हणजे लाल आणि शिरा म्हणजे निळी एवढाच नियम धरला असणार. शरीरात सर्वत्र तो चालतो, फक्त इथे चालत नाही. फुप्फुसाकडे जाणारे रक्त ऑक्सिजन सोडून आलेले असते, म्हणून ती धमनी असूनही निळी दाखवतात, आणि ऑक्सिजन घेऊन परतणाऱ्या चारही शिरा लाल. नेमका हाच प्रश्न परीक्षेत फसवण्यासाठी विचारला जातो, त्यामुळे चुकीचे रंग समोर ठेवून शिकवणे शक्यच नव्हते. मी इनॅमल पेंटच्या दोन छोट्या डब्या आणल्या आणि एका शनिवारी दुपारी प्रयोगशाळेच्या परिचरांच्या मदतीने दोन्ही रंग उलटे करून घेतले. जुना लाल रंग निळ्याखालून थोडा डोकावतो, पण अर्थ बरोबर झाला.

तिसरी चूक सोबतच्या छापील तक्त्यात होती. मॉडेल आपल्याकडे तोंड करून बसते, म्हणजे त्याचे उजवे आपल्या डाव्या हाताला येते. तक्ता करणाऱ्याने स्वतःच्या हाताप्रमाणे नावे दिली आणि दोन्ही श्वसनींचे क्रमांक अदलाबदल झाले. तक्ता फक्त इंग्रजीत आहे. आमच्याकडे शिकवणे इंग्रजी पुस्तकातून आणि समजावणे मराठीतून चालते, त्यामुळे मी दोन्ही भाषांतील नावांचा नवा तक्ता करून पुठ्ठ्यावर चिकटवला. दुकानात या तिन्ही गोष्टी दाखवल्या तेव्हा काउंटरवरच्या माणसाने चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितले, “मॅडम, कंपनीतूनच असं येते नं.” बदलून मिळाले नाही. पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे मात्र मराठीत छापलेले होते.

यापेक्षा मोठी उणीव अशी की श्वसनसंस्था म्हणून विकलेल्या या वस्तूला नाकच नाही. ती स्वरयंत्रापासून सुरू होते, जणू हवा थेट गळ्यातून आत शिरते. बहुतेक कंपन्या नाक आणि घसा डोक्याच्या उभ्या छेदाच्या वेगळ्या मॉडेलमध्ये दाखवतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. नागपूरच्या मुलांना शिकवताना तर नाकाशिवाय चालतच नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि तीच हवा वायुकोशांपर्यंत पोहोचेस्तोवर ३७ अंशांची व वाफेने पूर्ण भरलेली व्हावी लागते. हे काम बहुतांशी नाक करते. प्रत्येक नाकपुडीच्या आत बाजूच्या भिंतीवरून शिंपल्यासारख्या वळलेल्या तीन घड्या आत झुकलेल्या असतात, त्यांवर ओले, रक्ताने भरलेले अस्तर असते, आणि हवा त्यांच्या फटींतून घासून जाते. थंडीत हे अस्तर हवेला ऊब देते. मेच्या दुपारी मात्र बाहेरची हवा शरीरापेक्षा गरम असते, तेव्हा तेच अस्तर स्वतःतले पाणी वाफेत घालवून हवेला गार करते. घराघरांतल्या कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताटीतून वारा गार होऊन येतो, त्याचे आणि याचे तत्त्व एकच. ताटी सुकली की कूलर नुसता पंखा होतो, तसे अस्तर सुकले की त्याला चिरा पडतात.

म्हणूनच आपल्याकडे उन्हाळ्यात मुलांचा घुळणा फुटतो. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात अनेक बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे एकत्र येते आणि नाकातून रक्त येण्याच्या बहुतांश वेळा ते तिथूनच येते. मॉडेलमध्ये ही जागा असती तर मी कांदा फोडून हुंगवण्याच्या आणि मान मागे टाकून झोपवण्याच्या घरगुती सवयींवर अर्धा तास बोलले असते. बसून मान थोडी पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे न सोडता धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा, एवढेच करायचे असते. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते आणि थांबले असे नुसते वाटते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढच्या सत्रात डोक्याच्या छेदाचे छोटे मॉडेल आणखी १,९०० रुपयांना घ्यावे लागले, तो खर्च खरेदी करणाऱ्याने आधीच धरून ठेवावा.

खालच्या टोकाला गेल्यावरही मॉडेल लवकर थांबते. श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत मार्ग साधारण २३ वेळा दुभंगत जातो. इथे चौथ्या-पाचव्या फांदीनंतर प्लॅस्टिक संपते. तेवढे बारीक साच्यात ओतता येणार नाही हे मान्य, पण दम्यात ज्या श्वसनिका, म्हणजे श्वसनींच्या बारीक उपशाखा, आवळल्या जातात त्या कूर्चा संपल्यानंतरच्या, एक मिलिमीटरहून बारीक नळ्यांत येतात. भिंतीत कूर्चा नाही, स्नायू मात्र आहे, म्हणून त्या मिटू शकतात. हे फळ्यावरच काढून दाखवावे लागते.

त्यानंतर येतो वायुकोशांचा तो घड. द्राक्षांच्या घोसासारखा, जांभळट गुलाबी, दिसायला सुरेख. चित्रांतून आलेली ही उपमा आता इतकी रुजली आहे की तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे मुलांच्या डोक्यातून एक चित्र उपटून काढणे होय. द्राक्षे एकमेकांपासून सुटी असतात, प्रत्येकाला आपली साल असते. वायुकोशांच्या भिंती मात्र सामायिक असतात, एकाची भिंत तीच शेजारच्याची. त्यांचे खरे रूप अनारशाची जाळी किंवा कापलेला ढोकळा यांच्या जवळ जाते. इटालियन शास्त्रज्ञ मार्चेलो मालपिघी याने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात ही पोकळ्यांची रचना आणि तिच्यावरील केशवाहिन्या पाहिल्या, तोपर्यंत फुप्फुस म्हणजे नुसते मांस असा समज होता. माणसात अशा पोकळ्या सुमारे ३० ते ५० कोटी, प्रत्येक साधारण ०.२ मिलिमीटरची, आणि सगळ्यांचे पृष्ठफळ मिळून ७० चौरस मीटरच्या घरात. आमची प्रयोगशाळा ३० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे, म्हणजे बरोबर तेवढीच. मी मुलांना जमिनीकडे पाहायला सांगते: ही सगळी फरशी तुमच्या छातीत घडी घालून ठेवली आहे, आणि तिची जाडी एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. घड हातात धरून हे सांगता येत नाही; घड कपाटात ठेवला की सांगता येते.

सर्वांत खटकते ते कडक श्वासपटल. घुमटासारखा त्याचा आकार अचूक आहे, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी), अन्ननलिका आणि अधोमहाशिरा (खालच्या शरीरातून हृदयाकडे येणारी मोठी शिरा) यांसाठी तीन छिद्रेही आहेत, पण ते हलत नाही, आणि न हलणाऱ्या श्वासपटलाने श्वास शिकवणे म्हणजे थांबलेल्या घड्याळाने वेळ शिकवण्यासारखे आहे. दरवर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत एकच वाक्य असते: हवा आत गेल्यामुळे छाती फुगते. उलट, श्वासपटल आकसून खाली सरकते, शांत श्वासात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, आतली जागा वाढते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित घटतो आणि म्हणून हवा आत येते. यासाठी आम्ही जुनीच युक्ती वापरतो: प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून तिथे फुग्याचे रबर ताणून बांधायचे आणि वरून दोन तोंडांच्या नळीला दोन फुगे लावून आत सोडायचे. चाळीस रुपयांत होते आणि या एका बाबतीत आठ हजारांच्या मॉडेलला मागे टाकते. अर्थात बाटलीही पूर्ण खरी नाही. तिच्यात फुगे पोकळीत लोंबकळतात, तर शरीरात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये आवरणाच्या दोन थरांतील द्रवाचा पातळसा पापुद्रा तेवढा असतो आणि दोघे एकमेकांना चिकटल्यासारखे सोबत सरकतात.

श्वास सोडताना विश्रांतीत काही करावेच लागत नाही, ताणलेले फुप्फुस आपोआप आकसते. ही लवचीकता प्लॅस्टिकमध्ये येणे शक्य नाही, म्हणून एकदा खाटकाकडून बकऱ्याची फुप्फुसे श्वासनलिकेसकट आणली. दुकानात त्याला फेफडा म्हणतात आणि फारच स्वस्तात मिळतो. नळीत सायकलचा पंप लावून हवा भरली तेव्हा गर्द लालसर गोळा पाहता पाहता फिकट गुलाबी होऊन दुप्पट झाला आणि पंप काढताच सुस्कारा टाकल्यासारखा बसला. शाकाहारी घरांतील दोन मुली सुरुवातीला दाराशी उभ्या होत्या, शेवटी त्याच सर्वांत पुढे होत्या. एक सावधगिरी मात्र हवी: बकऱ्यात श्वासनलिका दुभंगण्याच्या आधीच उजव्या वरच्या खंडासाठी एक वेगळी शाखा फुटते, माणसात तसे नसते. तेव्हा फांद्यांची मांडणी मॉडेलवर पाहावी, पोत आणि लवचीकता खऱ्या फुप्फुसावर.

एवढे सांगूनही मी पाचपैकी साडेतीन गुण देते, कारण स्वरयंत्र, खंड आणि श्वसनींचे कोन या तीन गोष्टींसाठी या किमतीत दुसरे काही मिळत नाही. घेताना पाट उलटा करून श्वासनलिकेची मागची बाजू पाहावी, हृदयाजवळच्या नळ्यांचे रंग तपासावेत, आणि तक्ता मॉडेलशेजारी ठेवून डावे-उजवे जुळवून घ्यावे. दुकानदार घाई करील, त्याला करू द्यावी. टिकाऊपणाबद्दल एक अनुभव नोंदवते. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मॉडेल पश्चिमेच्या खिडकीजवळच्या फळीवर राहून गेले. जूनमध्ये प्रयोगशाळा उघडली तेव्हा डाव्या फुप्फुसाचे झाकण कडेने वाकले होते आणि चुंबकावर बसेना. गरम पाण्यात काही मिनिटे बुडवून, मऊ झाल्यावर जागेवर दाबून धरून ते पुष्कळसे सरळ केले, पण टक् असा आवाज आता फक्त उजवीकडून येतो.